श्रुतिपेटीपासून मूगपर्यंत : बडोदे १९१६, अहमदाबाद १९६९ आणि मामांचं एक स्पूल

आपल्या मंडळात मी आजवर जे निबंध वाचले ते बहुतेक विहिरी, पाणीपुरवठा आणि रेल्वे यांवर होते. इंजिनिअर माणूस, त्यामुळे लोखंड आणि पाणी याच्या बाहेर सहसा जात नाही. गायन-वादन हा आपल्याकडच्या जाणकारांचा प्रांत. त्यात मी पाऊल टाकतोय याचं कारण घरगुती आहे, आणि ते शेवटी सांगतो. सुरुवात मात्र मुलीपासून करायला हवी.

२०१६ साली ती शिकायला पुण्याला गेली. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "बाबा, हे ऐका, पण आधी माहिती विचारायची नाही." कानात यंत्र घातलं. खाली ठोक्याचा ताल, एकसुरी, न थकणारा. त्यावर एक खरखरीत, बुडबुड्यांसारखा आवाज वळणं घेत होता. मी म्हटलं, परदेशी डिस्को दिसतोय, तुमच्या पिढीचा. मग दोन मिनिटांनी मी थांबलो. तो आवाज चक्क भैरवीच्या स्वरांतून फिरत होता.

रेकॉर्ड १९८२ सालची निघाली. चरणजित सिंग हे मुंबईतल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतले वादक. त्यांनी एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही तबकडी केली. दहा राग, आणि साथीला तेव्हा नुकतीच बाजारात आलेली रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचं छोटं यंत्र. तबकडी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे एडो बाउमन नावाच्या एका डच संग्राहकाला ती भारतात जुन्या तबकड्या धुंडाळताना सापडली, त्याने २०१० साली ती पुन्हा काढली, आणि जगभर गडबड उडाली. कारण शिकागोच्या तरुणांनी त्याच टीबी-३०३ वर 'ॲसिड हाउस' नावाचा जो प्रकार काढला, त्यातली पहिली मानली जाणारी तबकडी १९८७ ची. म्हणजे आपल्या मुंबईकर वादकाची पाच वर्षं आधीची. उतारवयात चरणजित सिंगांना युरोपातल्या महोत्सवांची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

मुलीला यात गंमत वाटत होती ती 'आपण आधी' याची. मला दुसरीच गोष्ट खटकली, म्हणजे चांगल्या अर्थाने. टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटार वाजवणाऱ्याला घरी सराव करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवलेलं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पेटी वाजवणाऱ्याला विचारा, त्याचं सगळ्यात मोठं दुःख काय? मींड निघत नाही. आणि इथे एक स्वस्त यंत्र मींडेसारखं काहीतरी काढत होतं. हा माणूस यंत्राला चिकटला तो डिस्कोसाठी की या घसरण्यासाठी, असा प्रश्न माझ्या डोक्यात बसला.

पुण्यातला मांडव

पुढच्या वर्षी, २०१७ च्या डिसेंबरात, मुलीने मला एनएच-सेव्हन वीकेंडर या महोत्सवाला नेलं. २०१० पासून पुण्यात सुरू झालेला हा प्रकार. मी आयुष्यात सवाई गंधर्व पाहिलेला, सतरंजीवर बसून, शाल पांघरून. इथे एकाच मैदानात अनेक मंच, सगळे एकदम सुरू, आणि लोक चहाच्या टपऱ्या बदलाव्यात तसे मंच बदलतात. पहिला अर्धा तास मी कानावर हात ठेवून उभा होतो. माझ्या वयाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

एका कोपऱ्यातल्या लहान मंचावर गर्दी कमी होती म्हणून तिकडे वळलो. विशी-पंचविशीतला मुलगा, समोर टेबल, टेबलावर एक लाकडी खोका आणि खोक्यातून बाहेर आलेल्या रंगीबेरंगी वायरींचं जाळं. तो गात नव्हता, बोटांनी काही वाजवतही नव्हता. एक वायर इथून काढून तिथे खुपसायचा, एक बटण अर्धं फिरवायचा, आणि आवाज बदलायचा. खालचा आवाज इतका खोल की तो कानाला नाही, बरगड्यांना कळत होता. संगीत म्हणून मला त्यातलं काही समजलं नाही. पण वायरी मात्र पूर्ण समजल्या. हा ऑसिलेटर, हा फिल्टर, हा ॲम्प्लिफायर. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये ज्याचे वक्र काढून आम्ही जर्नलात सही घ्यायचो, तेच हे! कार्यक्रम संपल्यावर मी मंचापाशी गेलो. मुलगा म्हणाला, "काका, हा मॉड्युलर आहे. सगळं व्होल्टेजवर चालतं." मी त्याला दहा मिनिटं प्रश्न विचारले. मुलगी बाजूला उभी राहून हसत होती.

तिथून परतल्यावर मी या वाद्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि सहा वर्षांनी त्याची एक वाट आपल्या दारावरून गेलेली सापडली.

अहमदाबादची खोली

बडोद्याहून अहमदाबाद साधारण शंभर किलोमीटर. तिथे १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, सुरू झाली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये सरकारला दिलेला अहवाल तिच्या मुळाशी होता, आणि प्रत्यक्ष घडवणारे होते गौतम आणि गिरा साराभाई ही भावंडं. त्यांची बहीण गीता पखवाज शिकलेली. १९४६ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. पाश्चात्त्य संगीताने आपल्या संगीताचं काय होईल या काळजीने गेली होती, असं म्हणतात. तिथे जॉन केज या संगीतकाराशी ठरलं की त्याने तिला पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकवायचं आणि तिने त्याला भारतीय संगीत. पैशांची देवघेव नाही, विद्येची विद्येशी. संगीत कशासाठी, या केजच्या प्रश्नाला तिने आपल्या गुरूचं उत्तर सांगितलं : मन शांत करून ते दैवी प्रभावाला मोकळं करण्यासाठी. ते उत्तर केज आयुष्यभर सांगत राहिला.

याच केजचा '४ मिनिटे ३३ सेकंद' हा तुकडा, ज्यात वादक एकही स्वर वाजवत नाही, तो १९५२ साली लोकांसमोर प्रथम सादर करणारा पियानोवादक म्हणजे डेव्हिड ट्यूडर. १९६४ मध्ये मर्स कनिंगहॅमच्या नृत्यसंघाबरोबर केज आणि ट्यूडर भारतात आले, अहमदाबादलाही आले. आणि १९६९ मध्ये ट्यूडर पुन्हा आला तो एनआयडीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा करायला. मुख्य यंत्र होतं रॉबर्ट मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर. (माणसाच्या नावाचा खरा उच्चार 'मोग', पण आपल्याकडे मूगच रुळला आहे.) पुण्याच्या मुलाच्या खोक्याचा हा आजोबा, पुरुषभर उंचीच्या कपाटासारखा.

या खोलीत जे काम झालं ते १९६९ ते १९७२ या काळातलं. करणारे कोण? स्वतः गीता साराभाई. अतुल देसाई, ज्यांनी पुढे कुमुदिनी लाखियांच्या कथक रचनांना संगीत दिलं. आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा. आणि जिनराज जोशीपुरा, तेव्हा अगदी पोरसवदा. मग स्टुडिओ बंद पडला. टेप संस्थेच्या संग्रहात राहिल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षं कुणी त्यांच्याबद्दल बोललं नाही. मूग गिळून बसणं म्हणतात ते असं. पॉल परगस या भारतीय वंशाच्या ब्रिटिश संगीतकाराने त्या शोधून काढल्या, बीबीसीवर २०२० मध्ये त्यावर कार्यक्रम केला, आणि २०२३ साली 'द एनआयडी टेप्स' या नावाने त्यांची तबकडी निघाली.

ती मी मागवली. पहिल्यांदा ऐकताना निराशा झाली, हे कबूल करतो. मला वाटलं होतं राग असतील. काही ठिकाणी आहेतही, तबल्यासारखा ठेका आणि त्यावर यंत्राची चाल. पण बराच भाग नुसता शोध आहे. जोशीपुरांच्या 'स्पेस लायनर २००१' मध्ये अवकाशयान जातं. माथुरांच्या 'माय बर्ड्स' मध्ये वायरींतून पक्षी काढलेत. शर्मांच्या एका तुकड्याचं नाव 'आफ्टर द वॉर'. ज्या काळात आपलं घर रेडिओवर 'गीत रामायण' ऐकत होतं, त्या काळात शंभर किलोमीटरवर पाच-सहा माणसं विजेला बोलतं करत होती. तिसऱ्यांदा ऐकताना मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा कुठे ऐकायला आलं.

अठरा मिलिव्होल्ट

आता थोडं तांत्रिक. सभासदांनी घाबरू नये, हिशेब शाळेतला आहे.

मूगच्या यंत्रात स्वर ठरतो तो व्होल्टेजने. व्होल्टेज एक व्होल्टने वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट. एका सप्तकात बारा पट्ट्या, म्हणून एका पट्टीला व्होल्टचा बारावा हिस्सा, सुमारे ८३ मिलिव्होल्ट. पियानोसारखी पाटी जोडली तर ती या ८३-८३ च्या पायऱ्या देते. पण पाटी जोडलीच पाहिजे असं नाही. फिरवायचं बटण लावा, नाहीतर बोट सरकवायची फीत लावा. ४० मिलिव्होल्ट द्या, ४१ द्या, मधलं काहीही द्या. यंत्राला पट्टी म्हणजे काय हे माहीतच नाही. मींड त्याला जन्मजात येते.

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत षड्ज २४० कंपनांचा धरतात. मग शुद्ध ऋषभ २७० चा. पण ऋषभाची एक किंचित उतरती जागा आहे, दहा-नवमांशाची, ती येते २६६ पूर्णांक दोन-तृतीयांश कंपनांवर. हा फरक तीन-सव्वातीन कंपनांचा. मूगच्या भाषेत सांगायचं तर १८ मिलिव्होल्ट. बाजारच्या पेटीत या दोन्ही जागा नाहीत. तिच्यात एकच ऋषभ, साधारण २६९ च्या आसपास, दोघांच्या मध्ये कुठेतरी. गवई हे कानाने ओळखतो. १९४० पासून पुढे तीस वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, त्याच्या मुळाशी हाच अठरा मिलिव्होल्टचा तंटा होता, असं मी म्हणेन.

अर्थात यंत्रही निर्दोष नव्हतं. सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज तापमानाच्या दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने सरकतं. जुळलेली जोडी लावून हा दोष बराचसा मारता येतो, पण पूर्ण नाही. त्या काळचे मूग उष्णतेने बेसूर व्हायचे हे प्रसिद्धच आहे. अहमदाबादचा मे महिना आठवा, म्हणजे त्या मंडळींना दर तासाला यंत्र का लावून घ्यावं लागत असेल हे कळेल. आपले गवई तंबोरा लावण्यात अर्धा तास घालवतात, त्याला हसणारे लोक असतात. इथे तेच चाललं होतं, फक्त खुंटीऐवजी बटण.

बडोद्याची परिषद

हा हिशेब करत असताना मला आपल्याच गावातली एक जुनी फजिती आठवली.

बडोद्याला संगीतात प्रयोग करायची खोड आधीपासून. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली, गाणं कागदावर लिहायची पद्धत बसवली. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली. भातखंडे त्यामागचे मुख्य, आणि उत्तर हिंदुस्थानी संगीताचा इतिहास सांगणारं त्यांचं भाषण इथलंच. देशभरचे उस्ताद, पंडित, संस्थानिकांचे प्रतिनिधी एका ठिकाणी. गाणं आणि वाद, दोन्ही एका मांडवात. आजच्या मुलांच्या महोत्सवापेक्षा फार वेगळं काही नव्हतं, फक्त पंख्यांची सोय कमी.

त्या परिषदेत एक वाद्य मांडलं गेलं : श्रुती-हार्मोनियम. त्यामागे दोघे. एक कृष्णाजी बल्लाळ देवल, सांगलीचे, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. दुसरे ई. क्लेमंट्स, मुंबई इलाख्यातले न्यायाधीश. दोघेही पेशाने संगीतातले नव्हेत, हे मला फार जवळचं वाटतं. देवलांनी तारेची लांबी मोजून, अब्दुल करीम खाँच्या गायनाचा आधार घेऊन बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या हिशेबावर ही पेटी बांधली : सप्तकात बाराच्या ऐवजी बावीस जागा. म्हणजे दोन ऋषभ वेगळे, २६६ चा आणि २७० चाही.

परिषदेत तिची परीक्षा झाली आणि पेटी हरली. भातखंड्यांचा श्रुतींच्या अशा पक्क्या गणिताला विरोध होता. आणि धृपदियांच्या गळ्याशी ताडून पाहताना पेटीचे स्वर जुळेनात. आजवर हा प्रसंग मी 'पोथीपंडितांची फजिती' म्हणूनच वाचत आलो. पण व्होल्टचा हिशेब समोर ठेवून पाहिलं, तर देवलांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माध्यम चुकीचं होतं. पेटीत एकदा बसवलेली पितळेची पत्ती हलत नाही. बारा बसवा की बावीस, शेवटी त्या पायऱ्याच. आणि गवई पायऱ्यांवर उभा राहत नाही, तो पायऱ्यांच्या मधून जातो. हलणारा स्वर पकडायला हलणारं यंत्र हवं होतं. ते बडोद्याच्या परिषदेनंतर त्रेपन्न वर्षांनी, शंभर किलोमीटरवर आलं.

अहमदाबादच्या मंडळींनी देवलांचं पुस्तक वाचून हे केलं असं मी म्हणत नाही. त्यांची वाट न्यूयॉर्कवरून आली होती. पण प्रश्न जवळचा आहे : आपला स्वर यंत्रातून निघेल का? चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये मुंबईत तो पुन्हा विचारला, दुसऱ्या यंत्राला. म्हणून 'प्रयोगशील संगीत म्हणजे परदेशी खूळ' असं कुणी म्हटलं, की मी आता दांडिया बाजारातून उठून परिषदेचा मांडव दाखवतो.

तिन्हींत एक फरक मात्र आहे, आणि तो मला इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा वाटतो. चरणजित सिंगांची तबकडी छापली गेली होती, म्हणून ती सापडली. अहमदाबादच्या टेप कुणीतरी कपाटात ठेवल्या होत्या, म्हणून त्या सापडल्या. श्रुतिपेटी त्या दिवशी परिषदेत कशी वाजली, हे आज आपण फक्त वाचतो. जे वाचतो ते जिंकलेल्या बाजूचं.

मामांचं स्पूल

आता घरगुती कारण.

माझे मामा दांडिया बाजारातल्या वाड्यात राहायचे. एका कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचं काम. घरी त्यांचा वेगळा कारखाना : सोल्डरिंगचा वास, व्हॉल्व्ह भरलेले बिस्किटांचे डबे, आणि एक ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर, ज्यावर स्पूल फिरायचं. ते त्यावर काहीतरी 'घूं घूं' रेकॉर्ड करायचे. मामी म्हणायची, "यांचा भुंगा सुरू झाला." आम्हा मुलांना ते हसायचं कारण होतं. आवाज म्हणजे तंबोरा आणि त्याबरोबर एक शिट्टीसारखा स्वर, तो हळूहळू सरकत राहायचा.

१९८५ मध्ये मी सोळा वर्षांचा. मला रेडिओवरची सिनेमाची गाणी टिपायची होती आणि कोरी टेप महाग होती. सुट्टीत मामांच्या घरी गेलो, ते कामावर गेले की एकेक स्पूल लावायचो आणि त्यांच्या 'भुंग्या'वर गाणी भरायचो. महिनाभरात सगळी स्पूलं भरली. खोक्यांवर त्यांच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या, त्यावर मी कागद चिकटवला : 'चित्रपट गीते १', 'चित्रपट गीते २'. एक दिवस ते लवकर घरी आले. खोकी पाहिली. एक उचलून उलटसुलट केलं. म्हणाले, "बरं केलंस. टेप वाया नाही गेली." एवढंच. मला ते खरं वाटलं. पुढे त्यांनी पुन्हा काही रेकॉर्ड केल्याचं मला आठवत नाही.

१९९४ मध्ये वाडा सोडताना तो रेकॉर्डर आणि स्पूलं भंगारवाल्याला दिली. देणारा मीच. तोवर इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर झालेला.

'एनआयडी टेप्स' ऐकल्यावर, तिसऱ्या की चौथ्या वेळेला, मला तो भुंगा आठवला आणि मी जागच्या जागी बसून राहिलो. मामा जाऊन वीस वर्षं झाली. मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, माळ्यावर बिस्किटांचा एक डबा आहे, व्हॉल्व्हचा. डब्यात व्हॉल्व्ह, एक वही आणि खाली एक पाच इंची स्पूल. खोक्यावर माझंच अक्षर : 'चित्रपट गीते ४'.

स्पूल नऊशे फुटांचं. पावणेचार इंचांच्या वेगाने ते अठ्ठेचाळीस मिनिटं चालतं. आणि सोळा वर्षांचा मुलगा शेवटचं गाणं अर्धवट नको म्हणून आधीच थांबतो. हा हिशेब माझ्या मनात आला आणि हाताला घाम सुटला. ओळखीतल्या एकाकडे चालू स्थितीतला डेक होता. टेप आधी हाताने, सावकाश गुंडाळून घेतली. मग चव्वेचाळीस मिनिटं गाणी, खरखरीत, मागे माझा खोकला. मग खट्ट. आणि त्यानंतर मामा.

चार मिनिटांपेक्षा थोडं कमी. तंबोरा, बहुधा मामी छेडत होती. त्यावर ऑसिलेटरचा स्वर, रेडिओतला जुना गँग कंडेन्सर फिरवून सरकवलेला. फिरवताना मधेच कट्ट वाजतं. स्वर षड्जावरून निघतो, ऋषभाकडे येतो, थांबतो. मामांचा आवाज : "आता जरा खाली घेतो." स्वर केसभर उतरतो, पुन्हा थांबतो, आणि तंबोऱ्याशी त्याचं घासणं ऐकू येतं. मग वर. मग खाली. शेवटी बाहेरून कुकरची शिट्टी आणि कुणीतरी जेवायला हाक मारतं. तिथे टेप संपते.

मी संगणकावर मोजलं. दोन थांबे, त्यांतला फरक अठरा मिलिव्होल्टच्या हिशेबाला बऱ्यापैकी जुळतो. आणि वहीत एका पानावर पेन्सिलीने दोनच आकडे आहेत, बाजूला तारीख १८/३/७१ : '२६६ २/३' आणि '२७०'.

मामा संगीतकार नव्हते. वहीत अहमदाबादचं नाव कुठेही नाही, त्यामुळे धागा जोडण्याचा मोह मी आवरला आहे. हे आकडे तेव्हाच्या संगीताच्या पुस्तकांतून मिळत होते, तिथूनच त्यांनी घेतले असावेत. एका गेज दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते वाचून वाटलं की मोजून पाहावं आणि ऐकूनही पाहावं. देवलांना वाटलं होतं तसंच. फरक असा की देवलांना परिषदेने नापास केलं, आणि मामांना भाच्याने.

किती स्पूलं होती? माझ्या चिठ्ठ्यांचे आकडे मला अकरापर्यंत आठवतात. उरली एक, तिचीही चार मिनिटं.

म्हणून हा निबंध संपवताना सभासदांना एक कामाची विनंती करतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपली जुनी घरं आहेत, तिथल्या माळ्यांवर स्पूलं आणि कॅसेट असतील. खोक्यावर काय लिहिलंय यावर विसंबू नका. माझं अक्षर किती खोटं होतं ते सांगितलंच. टेप सापडली की लगेच वाजवू नका. आधी खोक्याचा आणि चिठ्ठ्यांचा फोटो काढा. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती वेगळी ठेवा, बाकीच्यांना लागण होते. जोरात पुढे-मागे पळवू नका, जुनी टेप तुटते. डेकचं डोकं स्पिरिटने पुसून घ्या. आणि वाजवायला लावलीत की शेवटपर्यंत चालू ठेवा, गाणी संपली तरी बंद करू नका.

मामांच्या त्या चार मिनिटांची प्रत मी मंडळाकडे दिली आहे. ज्यांना ऐकायची असेल त्यांनी पुढच्या सभेला थोडं लवकर यावं. मामी आता नव्वदीत आहे. तिला ऐकवलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "तंबोरा उतरलाय. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."